गुरुवार

हेलिकॉप्टर आलं तेव्हा आधी ओव्हनवरचे ट्रे थरथरले,
मग बरणीतले चमचे,
मग मिसेस ट्रेगर्थनची कवळी.
असं तीच सांगायची, हसत, पहिल्या दिवशी.
दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही.

लॉर्न हॅस्केट. वय बेचाळीस. डावा पाय ओढत चालतो.
बंदूक आहे, जवळ जाऊ नका, रेडिओ सांगतो.
आम्हाला हे रेडिओनं सांगावं!
त्या बंदुकीनं मारलेल्या पोसमांच्या कातड्यांवर
त्याचं पोट चालायचं,
आणि माझ्याकडची पायची उधारी.

जप्तीला आलेल्या माणसाच्या मांडीत त्यानं गोळी घातली.
तो माणूस ग्रेमाउथच्या दवाखान्यात.
त्याची बायको गावातली नव्हे,
म्हणून तिच्याबद्दल कुणी बोललंच नाही.
मीही नाही.

बाकी बोलणं मात्र पोत्यानं.
माझ्या रांगेत उभा प्रत्येक जण कमिशनर.
कुत्री कशाला आणली, पावसात वास राहतो का?
कुत्री आणायला चार दिवस का लावले?
एका माणसासाठी एवढी फौज?
एवढीच?
म्हातारा ऑसी म्हणाला, सोडा त्याला,
थंडी खाली आणेल, तीही फुकटात.
सॉ-मिलचा गार्थ म्हणाला, दिसला की उडवा,
माझ्या टॅक्सचे पैसे तरी वाचतील.
मी दोघांनाही सुटे परत दिले.

बर्टीनं पबात फळा लावला.
कोणत्या दिवशी सापडेल? एका वाराला पाच डॉलर,
एक वार एकालाच, पुढच्या महिन्यापर्यंत.
मी गेले तेव्हा जवळचा गुरुवार तेवढा उरला होता.
घेतला.
खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला गंमतच वाटली.

रविवारी पहाटे मागच्या खिडकीतल्या जाळीवरून
दोन पाय गेलेले.
चौकटीवर दगड, दगडाखाली पैसे.
त्या दोन पायचे,
आणि मार्चपासूनची सगळी उधारी,
दहा सेंटपर्यंत चोख.
नाणी ओली होती. त्यांना धुराचा वास येत होता.
मी ती गल्ल्यात टाकली नाहीत,
फडक्यानं पुसली, का कोण जाणे.

सातला तिपेने आला, बूट गुडघ्यापर्यंत चिखलात.
रात्री काही ऐकलंत?
मांजर होतं, मी म्हणाले.
अकरा वर्षं तो माझ्याकडं कॉफी पितो.
माझ्याकडं मांजर नाही हे त्याला ठाऊक आहे.
त्यानं वहीत काहीतरी लिहिलं,
बाहेर जाऊन बराच वेळ
नदीपलीकडच्या झाडीकडं बघत राहिला.
कॉफी तशीच निवली.

गुरुवारी, पाच वीसला, वरच्या झोपडीपाशी.
दोन गोळ्या. काही म्हणतात तीन,
त्यावरही गावात दोन तट.
त्याच्या बंदुकीत काडतूस होतं की नव्हतं
ते चौकशीत निघेल म्हणे.

दुपारपर्यंत सगळ्यांची मतं
एकमेकांचे कोट घालून बाहेर पडली.
पायावर मारता आलं नसतं का, असं गार्थ विचारत होता,
डोळे लाल करून.
संपलं एकदाचं, बरं झालं, म्हणाला ऑसी,
आणि नेहमीपेक्षा एक पाय जास्त नेली.

गोळी कुणी झाडली हे कुणी सांगितलेलं नाही.
पण तिपेने रांगेत असला की
त्याच्या पुढं एका माणसाची जागा मोकळी राहते,
मागंही.
मी त्याला पाय देते, तो पैसे मोजून देतो,
कोरडी नाणी.
मांजर कसं आहे, असं त्यानं एकदाही विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बर्टीनं पाकीट आणून दिलं. एकशे पंचेचाळीस डॉलर.
नशीबवान आहेस, म्हणाला.
रविवारी तोंड उघडलं असतं तर
फळ्यावर रविवार जिंकला असता,
आणि तो कदाचित...
इथं मी थांबते. नेहमी इथंच.

पाकीट पिठाच्या डब्यात तळाशी आहे.
पीठ उतरलं की त्याचा एक कोपरा वर दिसतो.
मी नवं पोतं फोडते.